मोतीरामजींचं पांढरं बेसिन

सोमवारी दुपारी जेवण आटोपून मोतीरामजी बेसिनमध्ये ठेवलेला ब्रश उचलायला गेले आणि जागीच थिजले. पांढऱ्याशुभ्र बेसिनच्या बुडाशी तळहाताएवढा निळा डाग पडला होता. त्यांनी तो बोटानं घासला, मग नखानं खरवडला. डाग हलायला तयार नव्हता.

चूक कोणाची, हे शोधायला कुठं जायची गरज नव्हती. सकाळी ते बोरगावच्या मळ्यात गेले होते आणि संत्र्याच्या झाडांच्या बुंध्यांना चुना-मोरचुदाचा निळा लेप लावून आले होते. एरवी ते न्हाणीतच हातपाय धुवायचे, पण आज न्हाणीत त्यांच्या बायकोनं आणि सुनेनं कपड्यांचा ढीग काढला होता. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बेसिनमध्ये हात धुतले, लेपाचा ब्रशही तिथंच टाकला आणि पाटावर जाऊन बसले.

हे बेसिन म्हणजे मोतीरामजींचा जीव की प्राण. तीस वर्षं त्यांनी सौंसरच्या गल्ल्यांमधून टपाल वाटलं होतं. वकिलांकडे, डॉक्टरांकडे भिंतीत पांढरं बेसिन असतं आणि त्या घरात शहरातली सून सुखानं नांदते, असं त्यांनी पाहून ठेवलं होतं. दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेलच असं नाही, पण हे त्यांना सांगणार कोण? मुलाचं, सुरेशचं, लग्न नागपूरच्या अनुराधेशी ठरलं, तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी नत्थूजी मिस्त्रीला बोलावून ओसरीत बेसिन बसवून घेतलं. चकचकीत नळासकट.

आणि आता प्रश्न शनिवारचा होता. सुरेश छिंदवाड्याच्या सरकारी ऑफिसात बाबू, दर शनिवारी घरी यायचा. गेल्या खेपेला तो बायकोला सांगत होता, ते मोतीरामजींच्या कानावर पडलं होतं. छिंदवाड्याला क्वार्टर मिळत होतं, नाहीतर सौंसरच्या ऑफिसात बदली मागता येत होती. "तुला इथं करमते का, ते येत्या शनिवारी सांग," तो म्हणाला होता. तिचं उत्तर काही त्यांना ऐकू आलं नव्हतं.

मोतीरामजींना लेक नव्हती. दोन महिने झाले, सून घरात वावरत होती आणि त्यांना घर भरल्यासारखं वाटत होतं. पण हे सासऱ्यानं सुनेला सांगावं कसं? तिचंही त्यांच्याशी बोलणं दोनच वाक्यांचं. "मामाजी, चहा," आणि "मामाजी, जेवायला चला." तेही डोक्यावरचा पदर सावरत, जमिनीकडे बघत. आता तिनं हा डाग पाहिला की म्हणणार, यांना बेसिन वापरायचीही अक्कल नाही. मग ती कशाला राहते इथं?

मंगळवारी पहाटे, घर उठायच्या आत, मोतीरामजींनी डागावर चार लिंबं पिळली, वर राख टाकली आणि हात दुखेपर्यंत घासलं. डाग फिका झाला. समाधानानं ते मळ्यात गेले. संध्याकाळी येऊन बघतात तो डाग तपकिरी! निळा डाग तपकिरी होतो, हे त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं. लिंबानंच घात केला असणार, असं ते धरून चालले. सुनेला विचारायची सोय नव्हती. बायकोला, यमुनाबाईंना, विचारलं तर गल्लीभर झालं असतं.

बुधवारी त्यांनी नत्थूजीला गाठलं. नत्थूजीनं डागाचा रंग विचारला नाही, वय विचारलं नाही. "ॲसिड टाका जी," तो म्हणाला. "डाग काय, डागाचा बापही निघन."

दुसऱ्या दिवशी पहाटे मोतीरामजींनी बाटली उलटी केली. फसफस झाली, धूर उठला, ते खोकत अंगणात पळाले. परत आले तेव्हा डाग गेला होता. बेसिन कसं दुधासारखं. फक्त नळावर उडालेल्या ॲसिडानं त्याची चकाकी खाऊन टाकली होती आणि आतलं पितळ जागोजागी डोकावत होतं. ते तसेच नत्थूजीकडे गेले.

"नळाले लागू द्याचं नव्हतं ना जी," नत्थूजी म्हणाला.

"हे काल सांगाचं होतं."

"काल तुमी नळाचं कुठं इचारलं?"

त्यानं दाराच्या कड्यांना लावायचा चंदेरी रंग दिला. मोतीरामजींनी घरी येऊन, बायका स्वयंपाकघरात असताना, नळाला दोन हात मारले आणि मळ्याची वाट धरली. संध्याकाळी आले तर अर्ध्या नळावरचा रंग गायब आणि तिथलं पितळ सोन्यासारखं लखलखत होतं. एवढ्या वर्षांत एक पत्र चुकलं नव्हतं त्यांच्या हातून, आणि आता आपलंच डोकं चळलं की काय, अशी त्यांना खरोखर भीती वाटली.

शुक्रवारी ते मळ्यात जायला निघाले खरे, पण स्टँडवरूनच परत फिरले. ओसरीत पाऊल टाकतात तो समोर सून. पदर कमरेला खोचलेला, हातात चिंचेचा गोळा, आणि ती जीव तोडून नळ घासत होती. त्यांना बघून दचकली. पदर डोक्यावर घ्यायला हात उचलला, पण हात चिंचेनं बरबटलेले, तेव्हा तशीच उभी राहिली.

"मामाजी, मी मुद्दाम नाही केलं," ती म्हणाली. "सोमवारी कपड्यांची उरलेली नीळ मी यात ओतली. डाग पडला म्हणून चिंच लावली, तर तो तपकिरी झाला. मग डाग गेला अन् नळाचाच मुलामा निघून राहिला. काल तर हातात आला माझ्या, चंदेरी. तुम्ही एवढ्या हौशीनं बेसिन बसवलं होतं."

मोतीरामजींच्या मनात एक क्षण आलं की गप्प राहावं. आयती सुटका होती. पण पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पाणी ज्याच्यापायी आलं तो डाग त्यांचा होता.

"तुही नीळ नाही ते, पोरी. माहं मोरचूद हाय."

"नाही मामाजी, नीळच होती. मोरचुदाचा डाग हिरवट पडते."

"चाळीस झाडं सांभाळतो मी. मले मोरचूद शिकवून राहिली?"

"अन् मी दहा वर्षांपासून घरचे कपडे धुऊन राहिली. मला नीळ नाही समजत?"

"लिंबू कोनं पिळलं मग? ॲसिड कोनं टाकलं? चंदेरी रंग कोनं लावला?"

"तो रंग होता? तुम्ही लावला?" अनुराधा कपाळाला हात लावता लावता थांबली. "मी तासभर घासला तो!"

आवाज ऐकून यमुनाबाई परातीसकट बाहेर आल्या. दोघांकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं. "आता कायले भांडून राहिले?" त्या म्हणाल्या. "चार दिवस तं चांगलं चालू होतं. पहाटे हे घासत, दुपारी तू. मले वाटलं, तुमी दोघांनी पाळ्या लावल्या."

शनिवारी सुरेश आला, तेव्हा नळ बुडापासून तोंडापर्यंत पिवळाधमक होता. उरलेला मुलामा सासऱ्यानं काचकागदानं उतरवला होता आणि पितळ सुनेनं उजळलं होतं. हे काय झालं, असं त्यानं विचारताच दोघंही एकदम म्हणाले, "पाण्यानं."

सुरेशनं विषय सोडून दिला. चहा पिता पिता त्यानं सांगितलं की तो क्वार्टर पाहून आला. खोल्या हवेशीर होत्या. "अन् बेसिन तर कोरं करकरीत हाय. एक डाग नाही त्याच्यावर."

मोतीरामजींनी बशी खाली ठेवली. कालच्या भांडणापर्यंत सून या घरात हळू आवाजात, विचारल्यावरच बोलत आली होती. आज तिनं पुढच्या प्रश्नाची वाट पाहिली नाही.

"मग तिथं मी दिवसभर भांडू कोणाशी?" ती म्हणाली. "तुम्ही बदलीचा अर्ज करा."

सुरेशला त्यातलं काहीच समजलं नाही. मोतीरामजींना सगळं समजलं. साखर कमी झाली म्हणून कुरकुरत ते स्वयंपाकघरात गेले आणि डबा शोधायच्या निमित्तानं तिथंच बराच वेळ डोळे पुसत राहिले.