वाळुंज सरांचा शेवटचा परिच्छेद

वाळुंज सरांचं वाक्य तुम्ही पुरं करायला गेलात, की संपलात! ते ओरडत नाहीत, रागावत तर मुळीच नाहीत. ते फक्त वाक्याचा शेवट बदलतात.

आमच्या लोणावळ्याच्या कॉलेजात ते तत्त्वज्ञान शिकवतात आणि मी अर्थशास्त्र. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी शेजारी. सर लहानपणापासून बोलताना अडखळतात. एखादं अक्षर ओठांशी येऊन बसतं ते हलायलाच तयार नसतं. आणि समोरचा अडला की आपली जीभ कशी वळवळते, माहीत आहे ना? एकदा त्यांनी शिपायाला हाक मारली, "अरे, मला जरा च—"

"चहा ना सर? आत्ता आणतो!"

"चष्मा," सर शांतपणे म्हणाले. "चष्मा दे माझा." अहो, चष्मा त्यांच्या नाकावर होता! दुपारभर बिनचहाचे बसले, पण माघार नाही.

एसटीतला किस्सा तर माझ्या डोळ्यांसमोरचा. सर राहतात वडिवळ्याला, म्हणजे कामशेतला उतरून पुढे आत जायचं. कंडक्टर आला. सर म्हणाले, "एक का—" कंडक्टर म्हणाला, "कामशेत," आणि त्यानं मशीनवर बोट ठेवलंसुद्धा. "कार्ला," सर म्हणाले. आणि खरंच कार्ल्याला उतरले हो! भर उन्हात पुढच्या गाडीची वाट बघत उभे. मी खिडकीतून कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी विचारलं, "सर, काय मिळवलंत?"

"तत्त्व आहे मॅडम. माझं वाक्य कुठं उतरणार ते मी ठरवणार." मग टेबलावर एक टिचकी. "पूर्णविराम."

ही टिचकी म्हणजे सरांचं बोलणं संपल्याची खूण. ती पडेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. वर्गातही हाच कायदा, आणि तो पोरांनाही लागू. मागच्या बाकावरची एखादी लाजरीबुजरी मुलगी उभी राहिली, तर ती टिचकी मारेपर्यंत सबंध वर्ग गप्प. त्यांच्या वर्गातून बाहेर आलेली मुलं माझ्या तासाला इतकं बोलतात की माझा धडा पुरा होत नाही. (आणि हो, सरांचं अडखळणं मी इथे फार लिहून दाखवणार नाही. त्यांची तंबी आहे: "लिहिताना मी कुठं अडखळतो?")

त्यांच्या विषयावरच त्यांचा राग. म्हणायचे, "मॅडम, आमच्या पुस्तकांत आंधळा माणूस असतो, बहिरा असतो, लंगडा असतो, गरीब तर पानोपानी असतो. पण सगळे उदाहरणाला! पुस्तक लिहायला त्यांच्यातला एकही नाही." त्यावर त्यांनी एक निबंध लिहिला होता. गावोगावच्या चर्चासत्रांना घेऊन जायचे, दुसऱ्या पानावर वेळ संपल्याची घंटा वाजायची, आणि अध्यक्ष पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "छान प्रयत्न." आयुष्यात त्यांनी एकही निबंध शेवटपर्यंत वाचलेला नव्हता.

यंदा चर्चासत्र आमच्याच कॉलेजात ठरलं. सर मला म्हणाले, "मला शेवटचा परिच्छेद वाचायचाय मॅडम. एवढंच." आणि प्राचार्यांनी घंटा कुणाच्या हाती द्यावी? माझ्या!

जेवणाआधीचं शेवटचं भाषण सरांचं. बाहेर पुऱ्या तळायला लागलेल्या, जिलबीचा वास थेट सभागृहात. सर उभे राहिले आणि पहिल्याच शब्दावर अडले. इशाऱ्याची घंटा वाजवायची वेळ झाली तेव्हा पहिलं पान उलटलंही नव्हतं. अध्यक्ष पुण्याचे, बडे विद्वान. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. त्यांनी पुन्हा पाहिलं. मी घंटा उचलली आणि सरळ पर्समध्ये टाकून चेन ओढली. नोकरी गेली तर गेली!

शेवटी अध्यक्षच म्हणाले, "सर, भावार्थ आमच्या ध्यानात आलाय. बसलात तरी चालेल. नाहीतर दुसरं कुणी वाचून दाखवेल."

सर म्हणाले, "भावार्थ कसा येईल ध्यानात? मी अजून म्हटलंच नाहीये."

सभागृहात हसू उसळलं आणि मग खुर्च्या करकरू लागल्या. एकेक विद्वान वाकून, जणू कुणाला दिसतच नाही असा, जिलबीकडे निघाला. तेवढ्यात कँटीनच्या शांतामावशी जेवायला बोलवायला आल्या. त्या सरांच्याच गावच्या, त्यांना नावानं हाक मारणाऱ्या. दारातून पाहिलं आणि पदर खोचून मधल्या रांगेत बसल्या. "चालू द्या सोपानभाऊ, मी बसलीय हितं. पुऱ्या काय पळून जात न्हाईत." हे ऐकून निघालेले तिघेचौघे ओशाळून परत बसले. अध्यक्षांना तर उठताच येईना, अध्यक्ष ना ते!

आणि सरांनी वाचला हो, शेवटचा परिच्छेद वाचला! "जो चुकीचं बोलतो, त्याला खोडून काढता येतं. ज्याला बोलूच दिलं नाही, त्याच्या वाट्याला चूक ठरण्याचा मानसुद्धा येत नाही." टेबलावर टिचकी. "पूर्णविराम."

मी टाळ्या वाजवायला हात उचलले, तोच अध्यक्ष ताडकन उभे राहिले. "मला तुमचा मधला मुद्दा साफ अमान्य आहे!" झालं, पडलं सगळ्यावर पाणी! पण सरांकडे पाहते तर काय, चेहरा असा उजळलेला! आजवर त्यांना कुणी खोडून काढण्याच्या लायकीचंच समजलं नव्हतं. मग दोघांची जी जुंपली! अध्यक्ष हातवारे करत होते, सर अडखळत अडखळत एकेक मुद्दा परतवत होते. सरांच्या टिचकीपर्यंत थांबायला अध्यक्षही शिकले. शेवटी म्हणाले, "पटलं नाही अजून. पुण्याला या, पुन्हा भांडू."

आम्ही जेवायला बसलो तेव्हा पुऱ्या गारढोण झाल्या होत्या. माझी आपली बडबड चालूच. "सर, आता पुणं, मग मुंबई, मग दिल्ली! केवढी तयारी केली असेल ना तुम्ही?"

"रोज वाचत होतो घरी. एकदासुद्धा अडलो नाही."

मी चाटच पडले. "एकदासुद्धा नाही?"

"एकटा असलो की मी अडखळतच नाही, मॅडम. आई गेल्यापासून घरात दुसरं कोण आहे? भिंतींशी बोलतो. घडाघडा बोलतो, अगदी आजच्या अध्यक्षांसारखा." ते पुरीचा तुकडा नुसताच मोडत राहिले. "लोक म्हणतात, सुधारेल. मला नाही सुधारायचं. मला अडखळायला माणसं हवीत."