आण्णांचा बिनझाडांचा घाट

आमच्या निपाणीच्या गल्लीत टीव्ही कुणीही घेवो, त्याची तपासणी शेजारचे आण्णा करतात. चहा नको, पाणी नको, आल्या आल्या पडद्याला नाक लावायचं आणि निकाल द्यायचा, "कलर उतरलाय. रिमोट आण." परवा आमच्याकडे त्यांनी बातम्या देणाऱ्या बाईला इतकी रंगवली की बायको म्हणाली, हिला कावीळ झालीय काय बघा.

आण्णांची हयात तंबाखूच्या वखारीत पानांची प्रत ठरवण्यात गेली. पान दारात न्यायचं, उन्हात धरायचं, मगच बोलायचं. निवृत्तीनंतर त्यांना कॉम्प्युटरला मॉनिटर घ्यायचा होता आणि माझं नशीब, बेळगावला मला सोबत नेलं. फोर-के, टू-के समजावून दुकानदार बिचारा दमला. आण्णा म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे, दारात आण." झालं! लांब वायरी जोडून भर दुपारी तीन मॉनिटर उंबऱ्यावर मांडले. उन्हात कशावर काही दिसेना. दिसली ती आमचीच तोंडं. "सगळा माल एकाच मळ्यातला," असा शेरा मारून आण्णांनी त्यातला थोरला उचलला.

एवढं करून त्यावर काय बघतात, तर ट्रक चालवायचा गेम. मुलगा विनायक जर्मनीला असतो. त्यानं तिकडच्याच मुलीशी लग्न केलं, तिथं बापलेकांचं बिनसलं. फोनवर 'बरा हाईस न्हवं?' आणि 'व्हय' एवढंच उरलं. मग त्यानंच हा गेम धाडला. आता रविवारी संध्याकाळी हा तिकडून, हे इकडून, एकामागं एक ट्रक हाकतात आणि हाकता हाकता त्याच कॉम्प्युटरवरून बोलतात. सुनेचा विषय मात्र दोघंही काढत नाहीत.

एका रविवारी मी डोकावलो आणि मला हसूच आवरेना. एवढा थोरला मॉनिटर, आणि गेमच्या चित्राचं सेटिंग सगळ्यात खालचं! झाडं गायब, डोंगर म्हणजे नुसती पोती. गल्लीला रंग शिकवणारा माणूस, आणि घरात ही तऱ्हा? म्हटलं, सरका जरा. रिझोल्युशन, सावल्या, सगळं वर चढवलं. काय घाट उठून दिसला हो!

पण आण्णांचं जुनं मशीन धापा टाकायला लागलं. ट्रक अडखळला आणि विनायकचा आवाज तुटू लागला. "आण्णा, ती म्हणत होती की तुम्ही..." आणि पुढं नुसती खरखर.

आण्णांचा चेहरा उतरला. माझ्या हातातून माऊस काढून घेत ते हळूच म्हणाले, "मास्तर, फोनवर त्याला बोलाय येत न्हाई, मलाबी येत न्हाई. गाडी हाकताना तेवढं जमतंय. झाडं घेऊन काय करू?"

त्यांनी सगळं पुन्हा खाली आणलं. झाडं गेली, आवाज आला. मला वाईट वाटलं. मग आण्णा घसा खाकरून म्हणाले, "आता सांग. काय म्हणत हुती ती?"

पडद्यावर विनायकचा ट्रक कडेला गेला आणि थांबला. आण्णांनी आपला त्याच्या मागं नेऊन उभा केला.