तीस लाखांच्या जावयाचे शिवलेले बूट

मी साहेबराव. परतूर आणि पंचक्रोशीत खासगी गुप्तहेर एकच, आणि तो मी. स्टेशनाबाहेर पडणारा माणूस कुठल्या बाजूने आला हे मी नुसत्या चालीवरून सांगतो. गाड्या दोनच बाजूंनी येतात, त्यामुळे निम्म्या वेळा तरी माझं बरोबर निघतं.

त्या दिवशी कापसाचे व्यापारी मच्छिंद्रराव घाम पुसत माझ्याकडे आले. त्यांच्या राजनंदिनीचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा आष्टीच्या कारभारींचा हरिओम, पुण्यात एका नव्या सॉफ्टवेअर कंपनीत. बायोडेटावर पॅकेज तीस लाख.

"साहेबराव, तीस लाखवाला पोरगा बघायला आल्ता, तर बुटाला टाके! पुण्याहून जनरलच्या डब्यात बसून आला. चौघांत एक खोली. मंग पैसा जातो कुठं? रविवारी सुपारी फोडायची हाय. काही वाकडं निघालं तर मोडतोच."

"पोरीचं काय म्हणणं?"

"तिला आवडलाय तो. तीच तर पंचाईत हाय."

मी लगेच कामाला लागलो. आष्टीच्या बाजारात खोटी दाढी लावून मिरच्या विकायला बसलो. "राम राम साहेबराव, मिरची कशी दिली?" असं पहिल्याच बाईनं विचारलं. आष्टीची माणसं भलतीच चौकस. तिनं सांगितलं, पोरगा सुपारीसुद्धा खात नाही. मी चमकलो. इतका निर्व्यसनी माणूस काहीतरी दडवत असणारच! आधी मला ऑनलाइन पत्त्यांच्या जुगाराचा संशय आला, मग चुलत्याच्या नावावर घेतलेल्या जमिनीचा. दोन्ही निघेनात, तेव्हा एकच उत्तर उरलं. पुण्यात दुसरा संसार.

रविवारी बैठक भरली. शिऱ्याच्या बशा फिरल्या आणि मी उभा राहिलो. "थांबा! या मुलाची पुण्यात बायको आहे!"

कारभारींचा शिरा घशात अडकला. हरिओम म्हणाला, "काका, खोलीवर आम्ही चौघंच हावोत. चौघांच्या दाढ्या हायेत."

"खोट्या असतील," मी म्हणालो. त्या बाबतीत माझा अनुभव दांडगा.

तेवढ्यात राजनंदिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि सरळ हरिओमला म्हणाली, "तुमच्या हातात महिन्याला किती येतात?"

"साठ हजार."

बैठक गार झाली.

"आन् बाकीचे?"

"ते कंपनीचे शेअर. म्हणजे शेअर बी न्हाईत, पुढं शेअर घ्यायचा हक्क. चार वर्षं टिकलो तर पुरा मिळतो. घ्यायला पैसे आपलेच. आन् कंपनी बाजारात उतरली तरच इकता येतात."

"मंग तीस लाख कोणी ठरवले?" मच्छिंद्रराव ओरडले.

"मागं एकानं कंपनीत थोडे पैसे लावले. त्यानं ज्या भावानं शेअर घेतले, त्याच भावानं कंपनीनं आमच्या हक्काचा हिशोब धरला."

राजनंदिनी हसली. "बाबा, हा मुहूर्ताचा भाव हाय!"

मच्छिंद्ररावांनी कपाळावर हात मारला. दरवर्षी हंगामाच्या पहिल्या दिवशी कापसाच्या पहिल्या गाडीला हार घालून तेच चढा भाव देतात, फोटो काढतात, आणि दुसऱ्या दिवसापासून खाली उतरतात. सगळ्या तालुक्याला कळणारी गोष्ट त्यांना स्वतःच्या जावयात दिसली नव्हती. खरं सांगतो, मलाही नव्हती.

"पण तुम्ही सांगितलं का न्हाई?" तिनं हरिओमला विचारलं.

"बायोडेटा आमच्या दादांनी केला. मला कोणी विचारलंच न्हाई. मी तर त्या हक्काची किंमत शून्यच धरून चालतो, म्हणून बूट शिवून घेतो. निघालं तर निघालं."

ती वडिलांकडे वळली. "मला साठ हजारवाला चालंल, बाबा. खरं बोलतो."

"अगं, अख्ख्या भावकीत मी तीस लाख सांगून बसलोय!"

"मंग सांगा, मुहूर्त झाला, आता बाजार सुरू झाला."

 मच्छिंद्ररावांनी फोन काढून थोरल्या भावाला लावला. "दादा, तीस न्हाई, सात लाख वीस हजार. हो, सातच! पोरगं सोनं हाय, सुपारी फोडून राह्यलो." मला इतका आनंद झाला की माझा दुसरा संसारवाला सिद्धांत मी तिथल्या तिथे मागे घेतला.

सुपारी फुटली. मी हळूच फीचा विषय काढला.

"देतो ना," मच्छिंद्रराव म्हणाले, "चार वर्षांनी. तवर त्या दुसऱ्या बायकोबद्दल गप राह्यलात तरच."