तीन बोटांची अट

एखादी गोष्ट शिकायची ठरवली आणि ती मला आली नाही, असे माझ्या आयुष्यात एकदाही घडलेले नव्हते. दिवाणी कायदा शिकलो, पोहणे शिकलो, बायकोच्या माहेरच्या माणसांपुढे गप्प बसणेसुद्धा काही अंशी शिकलो. तेव्हा गिटार म्हणजे लाकडाची एक पोकळ पेटी आणि तिच्यावर ताणलेल्या सहा तारा. त्यात न येण्यासारखे काय असणार, असा प्रश्न मी भर जेवणाच्या टेबलावर विचारला. तो विचारायला नको होता, असे आता घरातले सर्वजण म्हणतात. मी अजूनही म्हणतो की प्रश्न योग्यच होता. उत्तर चुकीचे निघाले.

टेबलाच्या पलीकडे माझी लेक बसली होती आणि तिच्या शेजारी तो. तो म्हणजे, ज्याच्याशी लग्न करायचे असे तिने परस्पर ठरवून टाकले होते, तो. गिटार वाजवणे आणि शिकवणे हा त्याचा व्यवसाय. म्हणून मी त्याला मनातल्या मनात 'वादक' म्हणत असे, आणि उघडपणे काहीच म्हणत नसे. माझी भूमिका स्वच्छ होती. त्याने आधी बरी नोकरी धरावी, मग लग्नाचे बोलावे. जे काम कोणीही महिन्याभरात शिकू शकतो, त्यावर संसार उभा राहत नाही. माझ्या भूमिकेमागे आणखी एक कारण होते, ते मी बोललो नाही. या घरात माझ्याशी तोडीस तोड वाद घालणारी ती एकटीच आहे. ती गेली की मी वाद घालायचा कोणाशी? फ्रीजशी?

"मग शिका ना, काका," वादक म्हणाला. आवाजात उर्मटपणाचा लवलेश नव्हता, आणि त्याचाच मला अधिक संताप आला.

लेकीने लगेच सौदा ठरवला. महिनाअखेरीस मी एक गाणे वाजवून दाखवायचे. जमले, तर तो नोकरी शोधेल. "आणि नाही जमलं, तर बाबा, तुम्ही लग्नाला हो म्हणायचं. नुसतं हो. पुढे 'परंतु' नाही."

संदिग्ध करार मला सहन होत नाहीत. मी तिथल्या तिथे कलमे घातली. गाण्याला चार कॉर्ड लागतात, असे वादकाने सांगितले. कॉर्ड म्हणजे डाव्या हाताच्या बोटांनी ठरावीक तारा दाबून धरायच्या आणि उजव्या हाताने तारा एकदम छेडायच्या. ठीक! प्रत्येक कॉर्ड शिकवणीच्या पुस्तकात दाखवली आहे तशीच, तितक्याच बोटांनी, आणि प्रत्येक तार स्वच्छ वाजली पाहिजे. पळवाट नाही. वादकाने लेकीकडे पाहिले. लेकीने पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही.

दुसऱ्याच दिवशी मी वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने मोठी गिटार काढली. मी भिंतीवरच्या लहान गिटारकडे बोट दाखवले. ती शाळेतल्या मुलांसाठी असते, असे त्याने सांगितले. मी त्याला विचारले की शाळेतले मूल आणि मी, दोघेही नवशिके, मग फरक काय? शिवाय वाद्य लहान म्हणजे अंतर कमी. अंतर कमी म्हणजे बोटांना कष्ट कमी. तो माझ्या हातांकडे पाहत काहीतरी सांगू लागला, पण मी मुद्दा सोडला नाही. अखेर त्याने मान डोलावली आणि गिटार बांधून दिली. बाहेर पडताना मला प्रतिपक्षाला निरुत्तर केल्याचे निर्भेळ समाधान होते.

आता माझ्या बोटांविषयी. ती मोठी आहेत, हे मी नाकारत नाही. लिफ्टमध्ये मी तिसऱ्या मजल्याचे बटण दाबले की चौथाही उजळतो. फोनवर मला एकच अंक लावता येत नाही. लागतात ते शेजारी-शेजारीचे दोन. तरीही या बोटांनी मी तीस वर्षे खटले चालवले आणि कोणी आक्षेप घेतला नाही. गिटारने पहिल्या क्षणी घेतला. एक तार दाबायला गेलो तर तीन दबल्या. तीन दाबल्या तर उरलेल्या तिन्ही घाबरून गप्प झाल्या. पुस्तकातल्या चित्रातली बोटे कशी, तर उसाच्या चिपाडासारखी सडसडीत आणि नखे कापलेली! अशी बोटे असलेला मनुष्य गिटार शिकला तर त्यात कौतुक कसले? चित्र काढणाऱ्याने एकदा माझ्यासमोर येऊन बसावे, एवढीच माझी मागणी होती.

पहिल्या तीन कॉर्ड मी चिडून, घामाघूम होऊन, कशाबशा वळणावर आणल्या. चौथी 'ए'. हिच्यात तीन बोटे एकाच खान्यात, म्हणजे गिटारच्या गळ्यावरच्या दोन आडव्या कांबींमधल्या जागेत, एकाला एक चिकटून, रांगेत उभी करायची असतात. माझ्या गिटारच्या त्या खान्यात माझे दीड बोट मावते. तिसरे बोट आत घुसवले की पहिले बाहेर पडे. जणू भरलेल्या बाकावर आणखी एक धिप्पाड पाहुणा येऊन बसावा! मी बोटे बर्फात ठेवून पाहिली, ती आकसतील म्हणून. ती लाल झाली आणि सुजली. मी खिडकीतून बाहेर पाहून, कोणाचेही नाव न घेता, बरेच बोललो.

खालच्या मजल्यावर दंतवैद्याचा दवाखाना आहे. तिसऱ्या संध्याकाळी ते स्वतः वर आले. माझ्या सरावाचा आवाज खुर्चीवरच्या माणसांना ऐकू जातो आणि वर आणखी एक, अधिक भयंकर विभाग आहे अशी त्यांची समजूत होते, असे त्यांचे म्हणणे. एक बाई तोंडातला कापूस तसाच ठेवून घरी गेल्या होत्या. मी दंतवैद्यांना सांगितले की त्यांच्या यंत्राची घरघर मी वर्षानुवर्षे निमूटपणे ऐकत आलो आहे. तेव्हा समानतेच्या तत्त्वानुसार त्यांनीही ऐकावे.

"वकीलसाहेब," ते जिन्यावरून उतरता उतरता म्हणाले, "मी निदान आधी भूल तरी देतो."

पुढचा घाव कोर्टात बसला. तारांनी बोटांच्या टोकांना चरे पडले होते, म्हणून चारही बोटांना पट्ट्या. न्यायाधीशांनी भर कोर्टात विचारले, हाताला काय झाले? गिटार म्हणणे शक्य नव्हते. मी म्हणालो, "घरगुती बाब आहे." एवढे तीन शब्द! दुपारपर्यंत सगळ्या वकीलवर्गाने निष्कर्ष काढला की माझ्या बायकोने माझी बोटे दारात चेंगरली. लोक माझ्यासाठी खुर्च्या रिकाम्या करू लागले. घटस्फोटाचे खटले चालवणाऱ्या एका सहकाऱ्याने खांद्यावर हात ठेवून हळूच सांगितले की आपल्या माणसाकडून तो फी घेत नाही. त्याच्या बायकोने ही बातमी माझ्या बायकोला फोनवरून सहानुभूतीने कळवली.

घरी आलो तेव्हा बायको दारातच उभी होती. "मी तुमची बोटं चेंगरली?" ती शांतपणे म्हणाली. "तीस वर्षांत चेंगरली नाहीत, यावरून लोकांना माझा स्वभाव कळायला हवा होता." त्या संध्याकाळी मला चहा मिळाला, पण कप टेबलावर ज्या रीतीने ठेवला गेला त्यावरून मी बिस्किटे मागितली नाहीत.

महिनाअखेर आली. लेक खाली जाऊन वादकाला वर घेऊन आली. माझी गिटार पाहून त्याने ती उलटीपालटी केली आणि अगदी मऊ आवाजात विचारले की ही लहान मुलांची ना? तुमच्या हातांना रुंद गळ्याची लागते, काका. माझी घ्या, खाली गाडीत आहे. म्हणजे महिनाभर दोष बोटांचा नव्हता तर! दुकानदाराविरुद्ध मी जिंकलेला वाद माझ्या डोळ्यांपुढे पुन्हा उभा राहिला, आणि या वेळी दुकानदार बोलत होता, मी ऐकत होतो. परंतु प्रतिपक्षाकडून शस्त्र उसने घेणे माझ्या तत्त्वात बसत नाही. मी बसलो आणि वाजवू लागलो.

पहिल्या तीन कॉर्ड उमटल्या. लेक पुढे सरकली. मग 'ए' आली. तीन बोटे आत शिरेनात. रागाने माझे भान सुटले आणि मी माझे एकच जाडजूड बोट त्या खान्यात आडवे हाणले. तिन्ही तारा एका दमात दबल्या. सूर घुमला! गाणे पुढे गेले आणि संपलेसुद्धा.

 मग वादक म्हणाला, "जमलं, काका. छान वाजलं. मी उद्यापासून नोकरी बघतो."

मी जिंकलो होतो. एवढ्यावर थांबायला काय हरकत होती? परंतु विधान चुकीचे होते. "जमलं कसं?" मी विचारले. "पुस्तकात तीन बोटं आहेत. मी एक वापरलं."

"पुष्कळ जण वाजवतात तसं. तुमच्यासारखं बोट असेल तर उलट सोपं."

"पुष्कळांचा आणि आपल्या कराराचा संबंध काय? तितक्याच बोटांनी, असं कलम आहे. शिवाय सगळ्यात बारीक तार वाजलीच नाही. माझ्या बोटाखाली दबली होती."

"मला तर ऐकू आली."

"तुला ऐकू आली?" मी उठून उभा राहिलो. शिकवणारा माणूस असून याचा कान इतका ढिला! मी ती कॉर्ड पुन्हा वाजवली. एकेक तार सुटी छेडून दाखवली. बारीक तार ओल्या दोरीसारखी थप्प वाजली. मी पुस्तक उघडून चित्र त्याच्या नाकासमोर धरले. तो म्हणाला, एवढं काय त्यात. एवढं काय? मी करारातील संदिग्धता, पुराव्याचे महत्त्व आणि सवलतीने मिळालेल्या यशाची नामुष्की यांवर असा काही बोललो, की कोर्टातही इतका रंगलो नसेन. अखेर त्याने हात जोडले. "पटलं, काका. नाही जमलं तुम्हाला."

"नाहीच जमलं!" मी टेबलावर हात आपटला आणि विजयी मुद्रेने खाली बसलो.

खालच्या मजल्यावर दंतवैद्याचे यंत्र घरघरू लागले. मग लेक माझ्याजवळ आली. तिने माझा पट्ट्या बांधलेला हात हातात घेतला. तिचे डोळे भरले होते; ती हसतही होती.

"बाबा, मग?"

मी तोंड उघडले. जिभेवर 'परंतु' आला होता. तो मी गिळला. "हो," मी म्हणालो.

ते दोघे गेल्यावर कप आवरता आवरता बायकोने मला सांगितले की वर येताना जिन्यावर लेक वादकाला समजावत होती, ते तिने ऐकले होते. "बाबा कसंही वाजवू देत, तू फक्त छान म्हण. उरलेलं बाबाच करतील."

या विधानावर मला एकही आक्षेप सापडलेला नाही. शोधतो आहे.