बाबांचा राग किती मार्कांचा?

"मला कधीच राग येत नाही!" बाबा ओरडले आणि जेवणाच्या टेबलावर त्यांनी असा हात आपटला की तिन्ही ताटल्या जागच्या जागी उडाल्या.

"असं नाही म्हणायचं," छकुली म्हणाली. "जरा हळू. म्हणजे खरंच येत नसल्यासारखं."

"खरंच येत नाही मला! किती वेळा सांगू? दे तो कागद इकडे!"

"नाही देणार. पुढचा प्रश्न. 'रांगेत कुणी मध्येच घुसलं तर माझा तोल जातो.' कधीच नाही, क्वचित, कधी कधी की नेहमी?"

"घुसलं म्हणजे? कोण घुसलं? असा कसा घुसतो? बाकीचे काय झोपले होते?"

आईनं भाजीच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. अगदी हळू ठेवलं. ती झाकण आपटायची तेव्हा घरात कुणी तिकडे बघायचंसुद्धा नाही. हळू ठेवलं की मात्र बाबा आणि छकुली दोघंही एकदम ताठ बसायचे.

"अहो," आई म्हणाली, "शांत माणूस म्हणून नोकरी टिकवायची आहे ना? मग निदान जेवताना तरी गप्प बसा."

भानगड त्या नोकरीचीच होती. बाबा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचे. शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर, पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक घेऊन बसायचे, आणि ती सीट म्हणजे त्यांचा जीव की प्राण. शिकवायचेही जीव तोडून. "क्लच! अरे क्लच दाब! तो डावा पाय काय गाडीत पाहुणा म्हणून आलाय का?" असं ते सुरू झाले की पलीकडच्या रस्त्यावरचे लोकही आपापला क्लच दाबायचे. पण हल्ली लोकांना काही बोलायची सोयच राहिलेली नाही. एका शिकणाऱ्यानं भर चौकात गाडी थांबवली, खाली उतरला, दार नीट लावून घेतलं आणि सरळ घरी चालत गेला. वर तक्रार केली. मागे गाड्यांचे भोंगे वाजत असताना बाबांनी शेजारच्या सीटवरून सरकत सरकत गाडी कशी बाजूला घेतली, ते कुणी विचारलंसुद्धा नाही.

स्कूलच्या साहेबांनी मग एक बाई आणल्या. गाडी शिकवणाऱ्यांना राग किती येतो, यावर त्या संशोधन करत होत्या. घरात त्यांचं नाव पडलं मोजणीबाई. चाळीस प्रश्नांची परीक्षा, शंभर मार्क. आणि ही जगातली एकमेव परीक्षा, जिच्यात कमी मार्क पडले की पास! साहेबांनी जाहीर केलं होतं, तीसच्या वर गेला त्याची गाडी बंद. त्यानं ऑफिसात बसून फोन घ्यायचे आणि दिवसभर गोड आवाजात विचारायचं, "आपल्याला सकाळची बॅच हवी की संध्याकाळची?" बाबांना ही शिक्षा जन्मठेपेहून मोठी वाटली.

म्हणून त्यांनी पहिल्या वेळी जवळजवळ सगळीकडे 'कधीच नाही' लिहिलं. पण मग अगदीच साधुसंत वाटायला नको म्हणून अधूनमधून 'क्वचित' पेरलं. मार्क पडले बारा. बाबा घरी आले ते छाती फुगवूनच.

दुसऱ्याच दिवशी मोजणीबाईंचा फोन आला. आठवड्यानं पुन्हा परीक्षा.

"पुन्हा कशाला?" बाबा फोनवर जमेल तेवढं हळू ओरडले.

"माप भरवशाचं आहे का ते बघायचंय," बाई गोड आवाजात म्हणाल्या. "वजनकाट्यावर तुम्ही आज साठ किलो भरलात आणि उद्या नव्वद, तर त्या काट्याचा उपयोग काय? तोच माणूस, तेच प्रश्न, म्हणजे उत्तरंही तीच यायला हवीत. नाही आली, तर एक तर माझे प्रश्न खराब, नाही तर तुमची उत्तरं."

फोन ठेवला आणि बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. प्रश्नांचा कागद ते खिशात घालून घरी घेऊन आले होते, पण उत्तरांचा बाईंकडे राहिला होता. 'क्वचित' नेमकं कुठे कुठे पेरलं होतं, ते त्यांना काही केल्या आठवेना. खऱ्या रागाचं बरं असतं, तो आपला आपण येतो. हा खोटा शांतपणा होता, आणि तो पाठ करणं भाग होतं.

"आठवा ना जरा," छकुली म्हणाली. "'क्वचित' लिहिताना मनात काय आलं होतं?"

"काय येणार? प्रश्न वाचला की डोकं फिरायचं. जिथे फारच फिरलं तिथे 'कधीच नाही' लिहायला हात धजेना, म्हणून क्वचित."

छकुली टुणकन उडी मारून उभी राहिली. "मग सोप्पंय! मी एकेक प्रश्न वाचते. तुम्ही मनापासून भडका. नुसते कान लाल झाले तर 'कधीच नाही'. ताटल्या उडाल्या तर 'क्वचित'!"

आता खरं म्हणजे बाबांचा राग जर कुणी कधी नीट मोजला असेल, तर तो त्या आठवड्यात छकुलीनं, स्वयंपाकघरात, ताटल्यांवर. रोज संध्याकाळी ती प्रश्न वाचायची आणि रोज त्याच त्याच प्रश्नांवर ताटल्या उडायच्या. 'दुकानदार सुटे पैसे नाहीत म्हणाला', ताटली. 'मी बोलत असताना समोरचा मोबाईलमध्ये बघतो', ताटली, पेला आणि एकदा आईचा चष्मा. एका दिवसाचाही फरक नाही. पण हे मोजणीबाईंना सांगायची सोय नव्हती, याचा छकुलीला भयंकर संताप आला.

त्याहून मोठा संताप बाबांना आला, कारण प्रश्नच तसे होते.

"हा बघ, पाचवा प्रश्न. 'मला पटकन राग येतो.' आणि हा एकोणिसावा. 'माझा पारा लवकर चढतो.' आणि हा तिसावा. 'लहानसहान गोष्टींनी मी चिडतो.' एकच गोष्ट तीनदा विचारते ही बाई! मला काय मठ्ठ समजते?"

"तिन्हीकडे सारखं लिहिताय की नाही ते बघतात, बाबा."

"मग एकदाच विचार आणि विश्वास ठेव ना माणसावर!"

"माणूस खोटं लिहितोय, बाबा."

"त्याचा काय संबंध?"

शेवटच्या प्रश्नावर तर छकुलीनं कपाळाला हात लावला. 'मी आयुष्यात एकदाही खोटं बोललेलो नाही.' "इथे काय लिहिलं होतंत?"

"'नेहमी' म्हणजे... नेहमीच खरं बोलतो, असं."

"अहो बाबा, हा सापळा आहे! असा माणूस असतो का कुठे? यावरूनच कळतं कोण फेकतंय ते!"

"मग आता खरं लिहितो."

"खरं लिहिलंत तर मागच्या वेळेशी जुळणार कसं?"

बाबांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. खोटं लिहावं तर पकडले जाणार, खरं लिहावं तरी पकडले जाणार. त्या रात्री एक ताटली खरोखरच फुटली. आई उठली, केरसुणी घेतली आणि तुकडे गोळा केले. अगदी हळू.

दुसरी परीक्षा झाली. पुन्हा बारा मार्क. आणि उत्तरं एकूण एक जुळली! मोजणीबाई हरखूनच गेल्या. "मास्तर, इतकी जुळणी मी आजवर पाहिली नाही. माणसाचं स्वतःशी इतकं पटत नाही हो!"

"आणि तो शेवटचा, खोटं बोलण्याचा प्रश्न?" बाबांनी चाचरत विचारलं.

"तो मी काढूनच टाकला. बाकीच्या प्रश्नांशी त्याचा मेळच बसेना. सगळ्यांची छान उत्तरं बिघडवत होता."

बाबांनी सुटकेचा श्वास सोडला, पण तो अर्ध्यावरच अडकला. कारण बाई पुढे म्हणाल्या, "आता फक्त एकच राहिलं. माप भरवशाचं आहे हे कळलं, पण आपण रागच मोजतोय ना, दुसरंच काही नाही ना, ते तपासायचं. घड्याळ रोज दहा मिनिटं पुढे असलं तरी नियमितच असतं की, पण म्हणून बरोबर नसतं. तेव्हा मी तुमच्या घरी येऊन बसते. तुम्ही मला विसरून जा. नेहमीसारखे वागा."

नेहमीसारखे! छकुलीनं ऐकलं आणि तिचेच कान लाल झाले.

ठरलेल्या संध्याकाळी मोजणीबाई आल्या आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर मांडीवर वही घेऊन बसल्या. बाबा टेबलाशी बसले. दोन्ही हात मांडीखाली दाबलेले. चेहऱ्यावर असं हसू, जसं दाताच्या डॉक्टरनं 'आ करा' म्हटल्यावर येतं.

"आज फार उकडतंय, नाही का?" बाबा मंजुळ आवाजात म्हणाले.

आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू घरात कुणी परका माणूस शिरलाय. "काय झालंय तुम्हाला? ताप आहे का?"

छकुलीनं टेबलाखालून आईला पाय मारला.

"पाय कशाला मारतेस गं?" आई मोठ्यानं म्हणाली. "मी काही नाटकं करणार नाही, सांगून ठेवते! आठवडाभर ऐकतेय तुमच्या दोघांची तालीम!"

"आई! हळू बोल ना!"

"हळूच बोलत आले आजवर! फुटली ताटली, कुणी उचलली? मी! चष्म्याची काडी वाकली, कुणी सरळ केली? मी! आणि राग मोजायचा कुणाचा? यांचा! माझा कधी कुणी मोजला?"

"तुला काय, बाबांची गाडी गेली तरी चालेल!"

"उलट बोलतेस? शाळेत चार मार्क बरे पडले म्हणून शिंगं फुटली तुला!"

"चार नाही, पहिली आलेय मी! तुला तेसुद्धा माहीत नाही!"

मग जे काही झालं ते शेजाऱ्यांनी खिडक्या उघडून ऐकलं. आईनं इतक्या वर्षांचं सगळं एकदाच बाहेर काढलं, छकुलीनं पंधरा वर्षांचं. बाई भराभर लिहीत होत्या. बाबांच्या कपाळावरची शीर टरारली होती, मांडीखालचे हात बधिर झाले होते, आणि त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच मध्ये एक शब्द बोलायची संधी मिळत नव्हती. शेवटी दोघी दम घ्यायला थांबल्या, तेव्हा ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "जाऊ दे गं. दोघी दमल्या असाल. पाणी आणू का?"

मोजणीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. निघताना दारात त्या हळूच म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही या घरात कसे राहता हो?"

आई आणि छकुलीनं तेव्हा एकमेकींकडे पाहिलं. हा प्रश्न खरं तर आपल्याला विचारायला हवा, यावर दोघींचं कधी नव्हे ते एकमत झालं होतं, पण आता बोलायची सोय नव्हती.

दोन दिवसांनी साहेबांनी बाबांना बोलावलं. शाळा सुटल्यावर छकुलीही दप्तरासकट तिकडेच गेली आणि ऑफिसच्या दारात उभी राहिली. आत साहेब होते, मोजणीबाई होत्या, आणि बाबा इस्त्रीच्या शर्टात उभे होते.

"मास्तर, कमाल केलीत!" साहेब म्हणाले. "सगळ्या स्कूलमध्ये तीसच्या खाली तुम्ही एकटे! बाकीच्या सगळ्यांनी खरं खरं लिहिलं आणि साठच्या वर गेले."

"म्हणजे ते फोनवर बसणार?"

"फोन एकच आहे हो आपल्याकडे! सगळ्यांना बसवलं तर गाड्या कोण शिकवणार? ते आपले गाड्यांवरच राहतील. तुमच्यासारखा माणूस मात्र गाडीत वाया घालवायचा नाही. सोमवारपासून तुम्ही वरच्या खोलीत वर्ग घ्यायचा. शांत कसं राहायचं, ते सगळ्यांना शिकवायचं. पंख्याखाली, आरामात."

"आणि माझी गाडी?"

"गाडीची काय गरज तुम्हाला आता?"

छकुलीला दारातून बाबांची फक्त मान दिसत होती. ती खालून वर लाल होत गेली.

"साहेब," बाबा म्हणाले, "मला राग येतो."

"काहीतरीच."

"येतो हो! खूप येतो! मॅडम, मी सगळं खोटं लिहिलं होतं!"

मोजणीबाई मायेनं हसल्या. "किती विनय! मास्तर, माणूस एकदा खोटं लिहील. दोनदा हुबेहूब तेच खोटं लिहिणं कुणाला जमत नसतं. आणि घरी तर मी डोळ्यांनी पाहिलंय."

"अहो, मग आत्ता बघा ना! आत्ता बघा!" बाबा गरजले आणि त्यांनी टेबलावर दोन्ही हात आपटले. पेनांचा डबा आडवा झाला, पेपरवेट घरंगळत खाली गेला, खाली रस्त्यावर शिकाऊ गाडीनं कचकन ब्रेक मारला. "वीस वर्षं मी त्या सीटवर बसलोय! माझी गाडी काढून घेता? माझा राग मलाच माहीत नाही, आणि तुम्हाला माहीत आहे?"

मोजणीबाईंनी वही उघडली, क्षणभर विचार केला आणि पुन्हा मिटली.

"हे एकदाच झालंय," त्या म्हणाल्या. "एका मापावरून काही ठरवायचं नसतं."

साहेब मात्र टाळ्या वाजवत होते. "वा, मास्तर, वा! काय करून दाखवलंत! रागावलेला माणूस कसा दिसतो, ते असंच दाखवा सोमवारी!"

सोमवारी बाबा फळ्यासमोर उभे राहिले. समोर साठ-साठ, सत्तर-सत्तर मार्कांचे मास्तर, हातात आपापल्या गाड्यांच्या किल्ल्या फिरवत. त्या किल्ल्या बघून बाबांना जे वाटलं ते त्यांनी अजिबात आवरलं नाही. साहेबांना, मोजणीबाईंना, त्या चाळीस प्रश्नांना, सगळ्यांना त्यांनी आडवंतिडवं सुनावलं. खडू फेकला. डस्टर फेकलं. खिडकीची काच थरथरली. बोलता बोलता आवाज फाटला, डोळ्यांत पाणी आलं, आणि शेवटी ते टेबलाला धरून नुसते धापा टाकत राहिले.

सगळा वर्ग उठून उभा राहिला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

शेवटच्या रांगेत मोजणीबाई बसल्या होत्या. टाळ्या थांबल्यावर त्यांनी अदबीनं हात वर केला.

"सुंदर, मास्तर. आता हेच, अगदी असंच, पुन्हा एकदा करता?"