नाकाला विचार

मुन्शीकाका नव्या माणसाला भेटले की राम राम नाय, बसा नाय, पाणी घ्या नाय. सरळ पुसायचे, "नाक कसं आहे?"

मला बी तेच पुसलं. मी त्यांच्या दारात उभी, काखेत गठुडं, पदराला धरून लेक. मला वाटलं, बायामाणसाचं रूप इचारतेत. मी म्हणलं, "बरं हाय की. जरा बसकं हाय, पण नथ राहती."

"दिसायला नव्हे हो बाई. वास घ्यायला."

आता तुमाला खरं सांगते, तवा त्यांना सांगितलं नव्हतं. माझं नाक गेलेलं. मालक पाचोडला विहीर खांदताना दरड कोसळून गेले, तवा लेक दीड वर्साची. तिला घेऊन शहरात आले आन् मिरची कांडायला लागले. सात वर्सं. पहिल्या साली शिंका, दुसऱ्या साली डोळे, तिसऱ्या सालानंतर कायच नाय. एकदा चुलीवर दूध करपून कोळसा झालं आन् मी शेजारी बसून तांदूळ निवडीत व्हते. तवा कळलं, नाक निस्तं नथीपुरतं राहिलंय. रडले नाय. डोळ्यांचं पाणी मिरचीनं आधीच काढून घेतलेलं.

मंग मिरचीची चक्की आली, कांडणाऱ्या बाया घरी बसल्या. मला तर घर बी नव्हतं. गुलमंडीच्या मागल्या गल्लीत कुणी सांगितलं, मुन्शीकाकांना कामाला बाई पायजे, बदल्यात मागची खोली देतेत. खोलीवर धड पत्रा व्हता. मी पत्र्याकडं बघितलं आन् म्हणलं, "नाक? साहेब, चार घरं पलीकडं कोथिंबीर चिरली तर इथं बसून सांगते."

"वाह!" काका म्हणाले. "नौकरी पक्की."

तवापास्नं माझं आन् लेकीचं छप्पर माझ्या नाकावर उभं राहिलं. जे नाक नव्हतंच, त्याच्यावर.

काका निजामाच्या दफ्तरात मुन्शी व्हते. सगळा कारभार उर्दूत. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज गेलं, पुढं काही वर्सांनी दफ्तरात मराठी आली. काका बामण, घरात मराठीच बोलायचे, पण कागदावर लिहायची म्हणजे त्यांना उर्दूच यायची. वरचा साहेब म्हणाला, मराठीची परीक्षा द्या. काका म्हणाले, "माझ्या आईची भाषा, आणि मलाच इम्तिहान?" आन् घरी येऊन बसले. बायको यमुनाबाई त्याच सालात तापानं गेलेल्या. मूलबाळ नाय. मंग ह्यांनी चुलीवर देग चढवली ती उतरवलीच नाय.

देग म्हणजे तांब्याचं मोठं भांडं. खाली पाणी आन् गुलाबाच्या पाकळ्या. मधी वीट, विटेवर वाडगं. वर झाकण उलटं ठेवायचं आन् झाकणात गार पाणी वतायचं. वाफ वर जाती, गार झाकणाला आपटती आन् थेंब थेंब वाडग्यात पडती. झालं गुलाबपाणी. वाफ बाहेर सुटू नये म्हणून झाकणाच्या काठाला कणीक थापायची. काका म्हणायचे, "ह्यात जादू काही नाही, फक्त सबर लागते." सबर त्यांची, पण कणीक मळायची मी. रेशनचे गहू, आन् माणसाच्या तोंडात जायची कणीक भांड्याच्या तोंडाला! माझा जीव तुटायचा. मी हात आखडून, चिमूट चिमूट मळायची. आन् देग उतरली की ती कणीक सोलून, भाजून खायची. लेक म्हणायची, "आई, भाकरीला गुलाबाचा वास येतोय." मला पिठासारखीच लागायची.

कोनाड्यात एक पावडरीचा जुना डबा व्हता. त्याच्या झाकणाला बी कणीक! काका दर अवसेला माझ्याकडून जुनी खरवडून नवी लावून घ्यायचे, डबा मात्र उघडायचे नाहीत. मला वाटायचं, सोनं आसंल. पण सोन्याला कणीक कोण लावतं?

वाडगं भरलं की परीक्षा. काका डोळे मिटायचे, वाडगं नाकाशी न्यायचे, मान डोलवायचे. "वाह!" मंग वाडगं माझ्यापुढं. "नाकाला विचार, कौसाबाई. तोंडाला नको. तोंड खोटं बोलतं."

मी नाक खाली घालायची आन् डोळ्यांच्या कोपऱ्यातून काकांचं तोंड बघायची. तोंड खुललेलं दिसलं की म्हणायची, "लई झ्याक." कपाळाला आठी दिसली की, "जरा पातळ वाटतंय."

"मलाही अगदी तेच वाटलं!" काका मांडीवर थाप मारायचे.

चार वर्सांत आमचं एकदा बी दुमत झालं नाय.

आधी गुलाब, वाळा, मोगरा, तुळस अशी शहाण्या माणसाची पाण्यं व्हती. उन्हाळ्यात डोळ्यांवर वाळ्याच्या पाण्याची घडी ठेवली की चुलीची आग उतरायची, ते मला बी कळायचं, गारव्याला नाक लागत नाय. पण काकांचं समाधान व्हईना. मंग गवती चहा. मंग कडुलिंब. मंग मेंदी, मेथी, शेपू. दर खेपेला आधीच्यापेक्षा उग्र. शेवटी लसूण आन् हिंग.

ही पाण्यं शाईच्या रिकाम्या बाटल्यांत भरायची, वर उर्दूतली चिठ्ठी, आन् गल्लीत वाटायची. फुकट, पण बळजबरीनं. ज्याला राग येतो त्याला वाळा. जिचं सासूशी पटत नाय तिला मेथी. शेपूचं पाणी उशीवर शिंपडलं की म्हणे वाईट सपान पडत नाय. पडंल कुठून, झोपच लागायची नाय! डाकवाल्यावर एकदा हिंगाचं पाणी शिंपडलं, तवापास्नं तो आमची पत्रं लांबून दगडाला गुंडाळून फेकायचा. शेजारच्या रबियाबी काकांना बाटली घेऊन निघालेलं बघितलं की वरडायच्या, "खिडक्यां लगाओ गे, भाई का पानी आया!"

आन् काका मला म्हणायचे, "लोकांना नाकच नाही, कौसाबाई. तू आहेस म्हणून बरं."

मी मान खाली घालून देग घासायची.

मंग त्या साली माघात वकीलसाहेबांकडून निरोप आला. गल्लीच्या तोंडाला त्यांचं घर. लेकीचं लगीन व्हतं. "मुन्शीजी, वऱ्हाडावर शिंपडायला गुलाबपाणी तुमचंच पाहिजे." इतक्या वर्सांत कुणी आपल्या तोंडानं मागितलेलं हे पहिलं पाणी. काका घरभर येरझाऱ्या घालीत व्हते. टोपी काढायचे, झटकायचे, परत घालायचे. "दफ्तर गेलं, कौसाबाई, पण बघ, नाव आहे अजून."

आता माझी चूक ऐका.

लगनाच्या आठ दिस आधी काका जुन्या दफ्तराच्या कागदासाठी हैदराबादला गेले. इकडं रबियाबीच्या भाच्याचं लगीन, आन् त्यांची भाड्याची देग ऐन येळेला गळाया लागली. रबियाबी भिंतीवरून म्हणाल्या, "कौसा, एक दिन कू भाई की देग दे ना गे." माझ्या लेकीला गोवर निघाला तवा ह्या बाईनं आठ दिस दूध पाजलेलं. तिला नाय कशी म्हणू? दिली.

त्यांनी तिच्यात नान-कलिया शिजवला. नान-कलिया म्हणजे आमच्या शहराचं मटण. मोठ्या देगीत रातभर शिजतं आन् त्याचा मसाला तीन गल्ल्या वलांडून येतो. म्हणतेत.

देग परत आली. राखेनं घासली, चिंचेनं घासली, परत राखेनं. तोंड बघून कुंकू लावावं अशी चकचकीत केली. रबियाबी म्हणाल्या, "निंबू लगा के धूप में रख. बास जाती."

मी म्हणलं, "कसला वास?"

त्यांना वाटलं मी गंमत करते. हसत हसत गेल्या.

काका आले. गुलाब आले, टोपलीभर. देग चढली. वाडगं भरलं. काकांनी डोळे मिटले. "वाह! कौसाबाई, असं कधी उतरलं नव्हतं."

मी त्यांचं तोंड बघितलं. लगनातल्या नवरदेवासारखं खुललेलं. "लई झ्याक," मी म्हणलं.

लगनात चांदीच्या चार गुलाबदाण्या भरल्या. पोरी वऱ्हाडावर शिंपडीत चालल्या. काका मांडवाच्या खांबाला टेकून उभे, धुतलेला कोट, जरीची टोपी. मी दाराशी.

पहिल्यांदा सनई थांबली. सनईवाला हवेत नाक वर करून म्हणाला, "खाना इधर है क्या?" त्याच्या मागं ताशेवाला उठला. मंग वऱ्हाडातल्या बाया पदर नाकाला लावाया लागल्या. नवरदेवाचे चुलते व्हते पैठणचे, सोवळं नेसलेले, लई कडक. त्यांनी उपरणं नाकाला लावलं आन् वरडले, "शिव शिव शिव! अहो, हा तर कलिया!"

ताशेवाला व्हता तिथंच परत बसला.

त्यांची बायको हळूच म्हणाली, "कलिया म्हणजे काय हो?"

"मटण!"

"मग तुम्हाला कसा ओळखू आला वास?"

चुलत्यांनी उपरणं खाली घेतलं. "ते... मी महसुलात असताना... दौऱ्यावर..."

"दौऱ्यावर काय?"

मंग काय, गुलाबपाणी राहिलं बाजूला, सगळं वऱ्हाड त्या दोघांभोवती जमलं. म्हणून मुहूर्त टळला नाय, अक्षता पडल्या. पण नवरदेवाचा बाप विहिरीवर जाऊन अंगावर चार घागरी वतून आला. आन् वकीलसाहेबांनी सगळ्यांदेखत काकांच्या हातात रिकामी गुलाबदाणी दिली. "मुन्शीजी, नाक कापलंत आमचं."

काकांच्या शेजारची माणसं दोन दोन पावलं सरकली. काका टोपी हातात घेऊन घरी चालत आले. मी मागं. मी मनातल्या मनात गठुडं बांधत व्हते. दोन लुगडी, तवा, लेकीची पाटी.

घरी येऊन काका देगीपाशी बसले. मी समोर उभी राहिले. म्हणलं, "काका, देग मी दिली व्हती रबियाबीला. त्यांनी तिच्यात मटण केलं."

"बरं. पण वास? तुझ्या नाकाला कळला नाही?"

"नाकच नाय मला. मिरचीनं गेलं. खोलीपायी खोटं बोलले. उद्या सकाळी जाते."

काकांनी टोपी डोक्यावर घातली. मंग हसाया लागले. टोपी पडली, तरी हसतेत. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

"अगं, मलाही नाही!" ते म्हणाले. "ज्या तापानं यमुना गेली, त्याच तापानं माझं नाक नेलं. मी तुझं तोंड बघून 'वाह' म्हणत होतो!"

"आन् मी तुमचं!"

चार वर्सं आमी दोघं एकमेकांच्या तोंडाचा वास घेत व्हतो, आन् सारी गल्ली खिडक्या लावून बसली व्हती.

हसू सरलं तसं मी हळूच म्हणलं, "मंग खोलीचं?"

"खोलीला कुठं नाक लागतं?" काका उठले. कोनाड्यातून तो डबा आणला आन् मांडीवर घेऊन बसले. "ही देग यमुनाची. ती गुलाबपाणी काढायची, आणि रोज सकाळी माझ्या रुमालावर दोन थेंब. दफ्तरात म्हणायचे, मुन्शी आला हे बघावं लागत नाही. शेवटचा रुमाल तिनं आजारपणात दिला, तो ह्यात आहे. नाक परत येईल तेव्हा उघडायचा ठरवलं होतं. म्हणून एकेक पाणी काढत गेलो, एखादं तरी आत शिरेल. शेपू नाही शिरलं, लसूण नाही, हिंग नाही." बोटानं कणकीची कड चाचपत राहिले. "मग तू आलीस. म्हटलं, आपलं नाही तर नाही, हिचं नाक आहे. एक दिवस हिच्याकडून विचारून घेऊ, आहे का अजून वास."

चार वर्सं ह्या माणसानं मला त्या एका दिसासाठी संभाळलं व्हतं.

तेवढ्यात रबियाबी आल्या, रडत. "भाई, सब मेरी वजे से हुआ. वो देग मैं लेके गई थी..."

काका म्हणाले, "रबियाबी, ते जाऊ दे. तुझं नाक कसं आहे?"

बाई घाबरली. हिंगाची बाटली निघती का काय म्हणून दाराकडं बघितलं. मी त्यांना खाली बसवलं आन् दोन बोलांत सांगितलं डब्यात काय हाय ते. काकांनी कणीक खरवडली. झाकण फिरंना, मीच पदर लावून फिरवलं. आत पांढऱ्या रुमालाची घडी, कडेनं पिवळी पडलेली.

रबियाबींनी डोक्यावर पदर घेतला आन् डबा नाकाशी नेला.

मी त्यांचं तोंड बघत व्हते. मला दुसरं येतं काय? त्यांनी एक श्वास घेतला. थांबल्या. परत घेतला, लांब. भुवई हलली नाय, गाल हलला नाय. मंग डोळे उचलून हळूच काकांच्या तोंडाकडं बघितलं. ते बघणं माझ्या वळखीचं व्हतं. चार वर्सं मीच तसं बघत आलेली.

"गुलाब है, भाई," रबियाबी म्हणाल्या. "ऐसा, जैसे आज सवेरे का."

"वाह," काका म्हणाले. डोळे मिटून बसले. मंग एकदम माझ्याकडं वळले. "काय म्हणतं नाक, कौसाबाई?"

"लई झ्याक," मी म्हणलं.

काकांनी झाकण घट्ट बसवलं. "कणीक घे लवकर. उडून जाईल."

मी पिठाच्या डब्यात हात घातला, आन् मूठभर घेतली.