गुलाबी सांधा

भाऊजींच्या काचेच्या पेटीखाली पुन्हा पाणी साचलं होतं, आणि घरात तीन माणसं असून एकालाही ते पुसायचं सुचत नव्हतं. भाऊजी म्हणजे मासा. नारिंगी, लठ्ठ, म्हातारा. कवळीवाल्यांच्या बायकोने त्याला हे नाव दिलं, कारण तोही तिच्या धाकट्या दिरासारखा डोळे वटारून नुसतं तोंड उघडायचा नि मिटायचा. कामाला काडीचा उपयोग नाही.

तीन महिन्यांपूर्वी ती गेली. जाताना नवऱ्याला म्हणाली, "भाऊजींकडे बघा." एवढंच! तीस वर्षांचा संसार, आणि शेवटचा शब्द माशावर. कवळीवाले तेव्हापासून जे गप्प झाले ते झालेच. रडले नाहीत, की कवळ्या बनवायच्या खोलीचं कुलूप काढलं नाही. मुलगी नि जावई आठ दिवसांसाठी आले होते, ते इथेच अडकले. या माणसाला एकटं सोडून जाणार कसं?

गळत होता पाणी गाळायचा अ‍ॅक्रिलिकचा डबा. त्याचा सांधा उकलला होता. डबा बंद म्हणजे पाणी खराब, आणि पाणी खराब म्हणजे भाऊजी गेले. भाऊजी गेले तर बाबांचं काय होईल, याचीच मुलीला धास्ती. तिने माशाला बादलीत ठेवलं होतं आणि हवा मिसळावी म्हणून ती नि नवरा आळीपाळीने तांब्याने वरून धार धरत होते.

आदल्या दिवशी जावयाने सिलिकॉन लावलं होतं. आज पाणी भरलं, तर ते अख्खं सालीसारखं सुटून हातात आलं.

"अ‍ॅक्रिलिकला धरत नाही वाटतं," जावई म्हणाला.

"वाटतं काय? दिसतंय की!"

मग त्याने सुपरग्लू आणला. तो मात्र असा धरला की जावयाचा अंगठा डब्यालाच चिकटला. साबणाच्या कोमट पाण्यात अर्धा तास बसावं लागलं. त्यात प्लंबर आला, डबा उलटासुलटा केला नि म्हणाला, "पाइप असता तर आत्ता जोडला असता." आणि अंगठ्याकडे बघत, हसू दाबत निघून गेला.

शेवटी मुलीने मासेवाल्या दुकानदाराला फोन लावला. "नवा डबा यायला आठ दिवस?" ती ओरडली. "अहो, अ‍ॅक्रिलिक विरघळवून जोडणारं काहीच नाही का तुमच्याकडे?"

कोपऱ्यातल्या खुर्चीतून आवाज आला, "कशाचा आहे म्हणालीस डबा?"

"अ‍ॅक्रिलिकचा, बाबा."

"मग लोकांच्या तोंडात मी तीस वर्षं काय घालतोय? लाकूड?"

कुलूप निघालं. खोलीत तो जुना उग्र वास होताच. पावडर फक्त गुलाबी उरली होती, हिरड्यांची. कवळीवाल्यांनी सांधा घासला, पावडरीत लिक्विड कालवलं, भरलं. तासाभराने डबा बाहेर आला आणि जावई बघतच राहिला. सांध्यावर व्यवस्थित हिरड्या कोरल्या होत्या, उंचवट्यांसकट, पॉलिश करून!

"हात थांबला नाही," कवळीवाले ओशाळून म्हणाले.

मुलगी इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "सोडू आता भाऊजींना?"

"खुळी का काय! डबा चोवीस तास पाण्यात भिजू दे. ताजी कवळी मी कुणाच्या तोंडात दिली नाही, आग होते. दे तो तांब्या. तुम्ही दोघं जरा पडा."

ते बादलीजवळ स्टुलावर बसले. तांब्याने धार धरली. मग हळूच म्हणाले, "तुला अरेतुरेच करतो. तिचा दीर म्हणजे माझा धाकटा भाऊच. काय रे, ती तासन्‌तास काय बोलायची तुझ्याशी? माझं मशीन चालू असायचं. मला कधी ऐकूच आलं नाही."

भाऊजींनी तोंड उघडलं नि मिटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चोवीस तास भरले. मुलीने डब्यात पाणी भरून खाली कोरडं फडकं ठेवलं. तासाभराने बघितलं, तर फडकं कोरडंच.

"बाबा, थेंबही नाही!"

कवळीवाल्यांनी सांध्यावर नख वाजवलं. टणक आवाज आला. त्यांनी डब्याकडे बघितलं, मग बादलीकडे.

"कच्चा आहे अजून," ते म्हणाले. "उद्या बघू."

"अहो, चांगला दगडासारखा—" जावई बोलायला गेला. मुलीने त्याचा हात धरून त्याला स्वयंपाकघरात ओढलं.

"पण डबा पक्का झालाय!"

"बाबा कच्चा म्हणतायत ना? मग कच्चा. चहा टाक."

बाहेर पाण्याची धार पुन्हा सुरू झाली. "तर काय सांगत होतो," कवळीवाले बादलीला म्हणाले, "त्या दिवशी दवाखान्यात मी तिचा हात..." तांब्या तसाच हातात राहिला आणि ते तीन महिन्यांत पहिल्यांदा ढसाढसा रडले.